उंबरठ्याच्या आत : मांडवी, 1931 चा बडोदे निबंध आणि पोलिसांचं काम

मांडवीवर आपल्या मंडळात पुष्कळ लिहून झालं आहे. चार दरवाजांच्या मधोमध उभी असलेली ती चौकोनी इमारत, प्रत्येक बाजूला तीन कमानी, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चारी दरवाजांकडे जाणारे सरळ रस्ते, या सगळ्याची मापंसुद्धा आपल्याकडे आहेत. पण हे सारं रस्त्यावरचं मांडवी झालं. रस्त्यावरून पोळीत वळलं, पोळीतून खडकीत आणि खडकीतून एखाद्या घराच्या ओटल्यावर आलं की आपला इतिहास थांबतो. उंबरठ्याच्या आत काय चाललं होतं हे आपण विचारत नाही. राज्यसंस्थेनेही फार काळ ते विचारलं नाही.

या लेखाचा विषय तोच आहे. घरात मार खाणाऱ्या बाईपर्यंत सरकार, म्हणजे प्रत्यक्षात पोलिस, कधी आणि कसे पोचले? मांडवीत राहणाऱ्या मराठी आणि गुजराती कुटुंबांना गेल्या दीडशे वर्षांत तीन वेगवेगळ्या राजवटींचे कायदे लागले: बडोदे संस्थान, मुंबई राज्य आणि 1960 पासून गुजरात. त्यामुळे हा प्रश्न तपासायला आपलं गाव फार सोयीचं आहे. मी पेशाने स्थापत्य अभियंता, कायद्याचा पदवीधर नाही. तेव्हा कलमांच्या बारकाव्यापेक्षा कुठली व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालत होती, तिचा भार कुणाच्या खांद्यावर होता, याकडे माझं लक्ष जास्त आहे.

पोलिसच भीतीचे होते तेव्हा

1873 साली मल्हारराव गायकवाडांच्या कारभाराची चौकशी करायला कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. सावकारांच्या, शेतकऱ्यांच्या, सरदारांच्या तक्रारी त्याच्यापुढे आल्या हे आपल्याला माहीत आहे. त्याच तक्रारींमध्ये शहरातल्या घरंदाज बायकांना जबरदस्तीने नेऊन राजवाड्यात लौंडी म्हणून ठेवल्याच्या तक्रारीही होत्या. अशा काळात घरात छळ झालेली बाई दाद मागायला सरकारी माणसाकडे जाईल ही कल्पनाच करवत नाही. तिचे मार्ग दोनच: माहेर आणि जातीची पंचायत. ज्या जातींमध्ये फारकतीची रूढी होती तिथे पंचायत बाईला मोकळं करू शकत असे. ब्राह्मण, प्रभू, वाणी अशा घरांत तोही रस्ता बंद होता.

1875 मध्ये मल्हारराव पदच्युत झाले, सर टी. माधवराव दिवाण म्हणून आले आणि न्यायखातं, पोलिसखातं यांची घडी नव्याने बसवली गेली. चोरी, दरोडा, दंगा यांसाठी आता बांधलेली यंत्रणा होती. घर मात्र तिच्या कक्षेबाहेरच राहिलं.

ब्रिटिश हद्दीत फार वेगळं होतं असं समजू नका. मुंबईचं रखमाबाईंचं प्रकरण याच सुमाराचं. 1884 मध्ये पतीने दावा लावला, 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण 1887 मध्ये तो फिरला: नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे याच रखमाबाईंनी डॉक्टर म्हणून सुरत आणि राजकोट इथे आयुष्यभर काम केलं. सरकारचं बळ वापरलं जात होतं ते बाईला घरात परत ढकलण्यासाठी, तिचं घरात रक्षण करण्यासाठी नव्हे, एवढा मुद्दा इथे लक्षात ठेवू.

1931: बाहेर पडायचा दरवाजा

सयाजीराव महाराजांनी 1904 मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा निबंध केला आणि 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. (बडोद्यात कायद्याला 'निबंध' म्हणत, हे नव्या वाचकांसाठी.) महाराणी चिमणाबाई दुसऱ्या यांनी 1911 मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर सहलेखकासह पुस्तक लिहिलं आणि जानेवारी 1927 मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष होत्या. या वातावरणात 1931 मध्ये बडोद्याने हिंदू घटस्फोटाचा निबंध केला. जातीच्या रूढीवर अवलंबून न राहता सर्व हिंदूंना लागू होणारा असा हा देशातला पहिला कायदा मानला जातो.

त्यातली कारणं वाचण्यासारखी आहेत. जोडीदार सात वर्षं बेपत्ता असणं, संन्यास घेणं, धर्म बदलणं, तीन वर्षांहून अधिक काळ टाकून देणं, व्यभिचार, संसार मोडेल इतकं व्यसन, आणि क्रूरता. शेवटचा शब्द आपल्या विषयाचा. घरातला मार हा आता नशिबाचा भोग राहिला नाही. न्यायाधीशापुढे मांडता येईल असं ते एक कारण झालं.

अंतराचाही विचार करा. मांडवीतून निघून लहेरीपुरा दरवाजातून बाहेर पडलं की सूरसागराच्या काठी 1896 मध्ये उभं राहिलेलं न्यायमंदिर. चालत दहा मिनिटंसुद्धा नाहीत. महाराणी चिमणाबाई पहिल्या यांच्या स्मरणार्थ बांधलेली ती वास्तू. कायदाही जवळ, कोर्टही जवळ.

तरी या निबंधाची मर्यादा स्पष्ट दिसते. तो बाहेर पडायचा दरवाजा होता. ज्या बाईला बाहेर पडून जायला जागा होती, माहेर घ्यायला तयार होतं, वकिलाला द्यायला पैसे होते, तिच्यासाठी तो उघडला. जी आज रात्री त्याच घरात झोपणार होती तिच्या आजच्या रात्रीबद्दल निबंध काही बोलत नव्हता. दावा चालू असेपर्यंत तिला कोण सांभाळणार, याचं उत्तर कुठेच नव्हतं.

एक पाऊल मागे

1 मे 1949 रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झालं. यानंतर काय झालं ते आपल्या शहराच्या इतिहासात सहसा सांगितलं जात नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट साऱ्या देशाला मिळाला, याचा गौरव योग्यच आहे. पण त्या कायद्याच्या मूळ रूपात क्रूरता हे घटस्फोटाचं कारण नव्हतं. क्रूरतेच्या कारणावरून फक्त न्यायिक विभक्तता मागता येत होती, म्हणजे वेगळं राहा पण लग्न कायम. 1976 च्या दुरुस्तीने क्रूरता घटस्फोटाचं कारण झाली. बडोद्याच्या बाईला जे 1931 मध्ये मिळालं होतं ते मधली 21 वर्षं तिच्याकडे नव्हतं. प्रगतीची रेघ नेहमी वरच चढते असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

'एन.सी.' आणि 'चॅप्टर केस'

आता पोलिसांकडे वळू. 1983 पर्यंत नवऱ्याने बायकोला मारलं तर भारतीय दंड संहितेत त्यासाठी वेगळं कलम नव्हतं. साधी दुखापत म्हणजे कलम 323, आणि ते अदखलपात्र. अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणून चौकीत जमादार काय करणार? वहीत 'एन.सी.' लिहिणार, कागदाची नक्कल हातात देणार आणि सांगणार, बाई, कोर्टात जा. हाड मोडलं किंवा हत्यार वापरलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे जखम मोठी होईपर्यंत पोलिसांनी थांबायचं, अशीच ही रचना होती.

फौजदाराच्या हातात एक दुसरं हत्यार होतं, ते म्हणजे 'चॅप्टर केस'. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 107 खाली शांतता राखण्याचा जामीन लिहून घेता येई आणि 151 खाली गुन्हा टाळण्यासाठी माणसाला तात्पुरतं उचलता येई. ही कलमं गल्लीतल्या मारामाऱ्यांसाठी आणि सणासुदीच्या बंदोबस्तासाठी होती. ती घरातही चालत होती, पण चालवायची की नाही हे त्या अधिकाऱ्याच्या मनावर. एखादा नवऱ्याला बोलावून दम देई, एखादा बाईलाच समजावून घरी पाठवी. 'घरचा मामला' हे दोन शब्द कुठल्याच कायद्यात लिहिलेले नव्हते, पण त्यांच्याइतकी काटेकोर अंमलबजावणी दुसऱ्या कशाची झाली नसेल.

1970 च्या दशकाच्या अखेरीस हुंड्यापायी जळून मेलेल्या सुनांच्या बातम्या आणि मथुरा प्रकरणातला 1978 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांतून महिला संघटनांची चळवळ उभी राहिली. तिचा परिणाम म्हणून 1983 च्या दुरुस्तीने दंड संहितेत 498-अ आलं. पती आणि त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा दखलपात्र गुन्हा झाला. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदनाची तरतूदही त्याच वेळी आली. 1986 मध्ये हुंडाबळीचं 304-ब आलं. 1 जुलै 2024 पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे 85-86 आणि 80 या कलमांखाली आहे.

पोलिस आता उंबरठा ओलांडू शकत होते. पण ते आत शिरत होते नवऱ्याला पकडायला. तो जामिनावर सुटून संध्याकाळी त्याच घरी परत आला, तर?

मुंबई, 1984: चौकीतली तिसरी खुर्ची

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर मराठी मुलखातच तयार झालं. 1984 मध्ये मुंबई पोलिस आयुक्तालयात टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी होती. पोलिस ठाण्याच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवायची. ती पोलिसांच्या हाताखालची नाही, आणि बाहेरून भांडायला आलेलीही नाही. बाई आली की आधी तिचं ऐकून घ्यायचं. तिला काय हवं आहे ते विचारायचं: तक्रार, तडजोड, आसरा, की नुसता सल्ला. मग नवऱ्याला आणि सासरच्यांना बोलवायचं, आणि बोलणी सुरू करण्याची अट एकच: मारहाण बंद.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो स्त्रीधन परत आणण्याचा. घर सोडून आलेल्या बाईचे दागिने, कपडे, शाळेचे दाखले, रेशनकार्ड सगळं सासरी अडकलेलं असतं. एकटीने परत जाणं धोक्याचं. तेव्हा कार्यकर्ती आणि पोलिस तिच्याबरोबर घरी जातात, यादी करून वस्तू बाहेर काढतात. कुणाला अटक नाही, फिर्याद नाही. पण त्या तासाभरात घराला आणि शेजाराला कळतं की हिच्या पाठीशी सरकार उभं आहे. पोलिसी बळाचा हा उपयोग 1887 च्या बरोबर उलटा आहे.

दोन दशकं हा प्रयोग चालला, इतर जिल्ह्यांत पसरला आणि 2005 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाने तो आपला केला.

बडोद्याकडे परत

आपल्याकडे त्याच 1984 मध्ये 'सहियर' हे स्त्री संघटन सुरू झालं. पण बडोदे जिल्ह्याची खरी देणगी म्हणजे नारी अदालत. महिला समाख्या कार्यक्रम 1989 पासून जिल्ह्यात होता. त्यातल्या गावोगावच्या बायकांनी 1995 मध्ये ती सुरू केली. बहुतेकजणी फारशा शिकलेल्या नाहीत, अनेक दलित आणि आदिवासी. ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या सरकारी कचेऱ्यांच्या आवारात झाडाखाली त्यांची बैठक भरते. जागा मुद्दाम निवडलेली: पोलिस ठाणं, मामलतदार, पंचायत सगळं हाकेच्या अंतरावर. कायद्याने त्यांना कोणताच अधिकार नाही. पण कुठल्या घराचं नातं कुठे, कोण कुणाचं ऐकतो, हे त्यांना तोंडपाठ. करार स्टँपपेपरवर लिहून घेतात आणि मुख्य म्हणजे नंतर घरी जाऊन पाहून येतात. जातपंचायतीचीच पद्धत, फक्त पंच बायका आणि न्याय बाईच्या बाजूने.

शहरात आज 181 'अभयम्' हेल्पलाइन आहे. 2014 मध्ये काही शहरांत आणि 8 मार्च 2015 पासून गुजरातभर ती चालू झाली. फोन केला की समुपदेशक आणि महिला कॉन्स्टेबल गाडी घेऊन घरी येतात. कल्पना मुंबईच्या कक्षाचीच, पण एक पाऊल पुढे: बाईने ठाण्यात यायची गरज नाही. मांडवीच्या पोळींमध्ये मात्र गाडी तोंडाशीच थांबते. तिथून आत चालत जायचं, आणि चालत जाताना अख्खी पोळ बघते. याला दोन बाजू आहेत. लाजेपायी बाई फोनच करत नाही, ही एक. एकदा सगळ्यांनी पाहिलं की नवऱ्याला पुन्हा हात उचलताना दहा ओटल्यांची नजर आठवते, ही दुसरी.

2005: घरातच सुरक्षित

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला. 1931 च्या निबंधाने घर सोडायची वाट दिली, 1983 च्या कलमाने शिक्षा दिली. या कायद्याने पहिल्यांदा तिसरी गोष्ट म्हटली: बाईने घरातच राहावं आणि सुरक्षित राहावं. घर कुणाच्या नावावर आहे याचा संबंध न ठेवता तिला तिथे राहायचा हक्क. गरज पडली तर न्यायालय पुरुषाला घराबाहेर राहायला सांगू शकतं आणि जवळच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला तिचं रक्षण करायचा हुकूम देऊ शकतं. हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठाण्यात आलेल्या बाईला हे हक्क, संरक्षण अधिकारी आणि मोफत कायदेशीर मदत यांची माहिती देणं हे पोलिसांचं कर्तव्यच आहे. 2006 च्या नियमांत तर बाईच्या सुरक्षेचा आराखडा भरायचा छापील नमुना आहे. पुढे काय होऊ शकतं, ते टाळायला काय करायचं, हे बाईशी बोलून त्यात लिहायचं असतं.

आपल्या भागाच्या दृष्टीने यातली एक लढाई महत्त्वाची. मांडवीतली जुनी घरं आणि वाडे बहुतेक सासरे, सासू नाहीतर सामायिक नावावर. डिसेंबर 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बत्रा खटल्यात सासूच्या मालकीच्या घरात सुनेला हा हक्क नाही असं म्हटलं, आणि एकत्र कुटुंबातल्या सुनांपुरता कायदा जवळजवळ लुळा पडला. 15 ऑक्टोबर 2020 च्या आहुजा खटल्यात तो अर्थ रद्द झाला. मधली चौदा वर्षं गेली ती गेलीच.

अटक की समजूत, हा वाद जगभर आहे. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात 1981-82 मध्ये पोलिसांनी प्रयोग केला: चिठ्ठी निघेल तसं कुणाला अटक, कुणाला काही तास घराबाहेर काढणं, कुणाला नुसती समज. अटक झालेल्यांनी पुन्हा हिंसा कमी केली असं आढळलं. पण इतर शहरांत तोच प्रयोग केल्यावर निकाल मिसळलेले आले. मिलवॉकीत नोकरीधंदा असलेल्यांवर अटकेचा धाक बसला, बेकारांच्या बाबतीत हिंसा उलट वाढली. आपल्याकडे 2014 च्या अर्नेशकुमार निकालाने 498-अ मध्ये सरसकट अटक थांबवली. अटक झाली किंवा नाही झाली, तरी दुसऱ्या दिवशी कुणी घरी जाऊन पाहिलं का, हा प्रश्न माझ्या मते त्याहून मोठा आहे.

अंतराचा हिशेब

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या भारतीय स्त्रियांपैकी फक्त 14 टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली. 77 टक्के कधी कुणाशी बोलल्यासुद्धा नाहीत. ज्यांनी मागितली त्यांतल्या बहुतेक माहेरी गेल्या, पोलिसांकडे अगदी थोड्या. म्हणजे 1873 ची बाई जिथे जात होती तिथेच 2021 चीही जाते.

अलीकडे मांडवीच्या खांबांना तडे गेल्याची बातमी आली तेव्हा सारं शहर हळहळलं, आणि ते बरोबरच होतं. आमच्या धंद्यात तडा मोठा कधी होतो याला महत्त्व नसतं. लहान असताना कुणी पाहिला, नोंदला, आणि परत येऊन मोजला का, याला असतं. घरातल्या हिंसेचंही तसंच: ती एकदा होऊन थांबत नाही, वाढत जाते. 'एन.सी.'ची वही ही लहान तड्यांचीच नोंद होती, पण परत येऊन मोजायचं काम कुणाचंच नव्हतं. विशेष कक्ष, नारी अदालत आणि 181 यांत मला जे समान दिसतं ते हेच, परत येणारं माणूस.

2018 मध्ये जिल्हा न्यायालय न्यायमंदिरातून विश्वामित्रीपलीकडे दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेलं. जागेची गरज होतीच, तक्रार नाही. पण मांडवीतल्या बाईसाठी दहा मिनिटांची चाल आता रिक्षाभाड्याची झाली, आणि घरातून रिक्षाभाडं मागायचं म्हणजे कुठे चाललीस ते सांगणं आलं. शंभराहून अधिक वर्षं जी वास्तू त्या रस्त्याच्या टोकाला होती ती आता संग्रहालय व्हायची वाट बघते आहे. तिथे महाराजांची चित्रं, नाणी, पदकं येतील. 1931 च्या निबंधाची एक प्रतही यावी, आणि तिच्या शेजारी 181 हा आकडा ठळक अक्षरांत असावा. संग्रहालय बघायला पोळीतल्या बायकाही येतात, आणि तिथे का चाललीस असं त्यांना कुणी विचारत नाही.